कटोरीचे माप

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मी आजवर जे काही लिहिले ते शिवणवर्गाविषयी. यंदा विषय शिवणाशीच जोडलेला आहे, पण थोडा अवघड आहे. छापावा की न छापावा यावर बैठकीत अर्धा तास गेला. शेवटी आपल्या वयोवृद्ध अध्यक्षबाईच म्हणाल्या, "ज्या गोष्टी पोरी आपल्याला चोरून करतात त्या आपण उघड वाचलेल्या बऱ्या." म्हणून लिहिण्याचे धाडस करीत आहे.

तीस वर्षे मी परभणीच्या बायकांची मापे घेतली. टेप हातात असला की बाई जे तोंडाने सांगत नाही तेही कळते. अंगाने सडसडीत असलेल्या मुली माप देताना खांदे पुढे काढून उभ्या राहतात, आणि निघताना उंबऱ्यावरून हळूच सांगतात, "बाई, आतून जरा जाड अस्तर घाला." कर्करोगाने एक स्तन गेलेल्या आमच्या एका शेजारणीसाठी मी मऊ सुती पिशवी शिवून तीत राळे भरून दिले होते. कापूस भरून पाहिला, तर ती बाजू हलकी होऊन ब्लाऊज वर चढे. आकाराइतकेच वजनही लागते, हे मी तेव्हा शिकले.

असो. गेल्या वर्षी माझी भाची घरी आली आणि मोबाइलवरची चार चित्रे पुढे करून म्हणाली, "मावशी, यातले खरे कोणते दिसते?" मला वाटले, दागिने असतील. पाहते तो स्त्रियांच्या छातीची चित्रे, शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची! भाची स्वतः मिळवती, शिकलेली, पण अंगाने काडी. पाहुणे बघायला आले असता त्यांच्यातल्या एका बाईने आत येऊन जे वाक्य उच्चारले ते मी येथे लिहिणार नाही. भाचीला आत सिलिकोनच्या पिशव्या बसवून घ्यावयाच्या होत्या, मात्र "कुणाला कळता कामा नये, अगदी नैसर्गिक दिसले पाहिजे," ही अट. मी रागावले. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तू जाड अस्तर घालतेस तेव्हा नाही रागावत." यावर मजजवळ उत्तर नव्हते. मग मी वाचायला बसले.

पहिला विचार आला तो औंढ्याचा. औंढा नागनाथ १९९९ सालापर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. त्या वर्षी हिंगोली वेगळा झाला. त्या देवळाच्या भिंतीवरील दगडी सुंदऱ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. कंबर मुठीत मावेल एवढी आणि वर दोन भरीव गोल कलश. मूर्तिकाराच्या छिन्नीला हे सोपे, पण देहाला तितके सोपे नाही. स्तनात दुधाच्या ग्रंथी असतात तशी चरबीही बरीच असते, आणि जिच्या अंगावर एकूणच चरबी कमी तिच्या छातीवरही ती बहुधा कमीच असावयाची. बारीक अंग आणि भरलेली छाती अशी जोडी काहींना उपजत लाभते, परंतु सगळ्यांना ती मागणे म्हणजे दगडाचे माप हाडामांसाला लावणे होय.

शरीराचा गेलेला भाग पुन्हा घडविण्याची विद्या आपल्याकडची आहे. म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांकडे असलेला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्यात कुंभार जातीच्या एका वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून नवे नाक बसविले. ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासह छापून आली, आणि १८१४ साली कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनने त्याच रीतीने लंडनमध्ये नाक केले. आपल्या महाराष्ट्रात नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली प्लॅस्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग काढला. पुण्याच्या त्या वैद्याची एक गोष्ट ध्यानात ठेवा: त्याने परके काही वापरले नाही. कातडी त्याच माणसाची, रक्ताचा पुरवठा त्याच माणसाचा.

स्तनाच्या बाबतीतही आरंभ असाच झाला. १८९५ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे चेर्नी या सर्जनने एका गायिकेच्या स्तनातील गाठ काढली. एक बाजू खोलगट राहील ही तिची चिंता. तिच्याच पाठीच्या बाजूला चरबीची एक निरुपद्रवी गाठ होती. ती काढून त्याने त्या जागी बसविली. जणू एका खणाचा उरलेला तुकडा दुसरीकडे जोडावा! आजही पोटाची, मांडीची चरबी सुईने ओढून स्तनात भरतात. परंतु सडपातळ मुलीचे दुखणे येथेच आहे. भरावयाला चरबी काढावी कोठून?

स्वतःचे नाही तेव्हा परके आले. १८९९ च्या सुमारास व्हिएन्नाच्या गेर्सुनीने पॅराफिन टोचण्याची रीत काढली. मेणच ते! मेणाच्या गाठी झाल्या, कातडी फाटली, जखमा चिघळल्या. काही वर्षांत शहाण्या डॉक्टरांनी ते सोडले. हव्यास मात्र सुटला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात व पुढे अमेरिकेत पातळ सिलिकोनच थेट टोचले गेले आणि तेच हाल झाले. १९५० नंतरच्या दशकात स्पंजाचे तुकडे बसविले. ते आक्रसून दगडासारखे कडक झाले. या साऱ्यात किती बायकांनी काय सोसले असेल!

मग आले १९६२ साल. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात फ्रँक जेरो नावाच्या तरुण डॉक्टरच्या हातात रक्ताने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी आली, आणि तिचा मऊपणा त्याला स्तनासारखा वाटला. त्याने व त्याचे वरिष्ठ थॉमस क्रोनिन यांनी डाऊ कॉर्निंग कंपनीकडून सिलिकोनची पिशवी व तीत सिलिकोनचाच घट्ट रस अशी वस्तू करवून घेतली. आधी एका कुत्रीवर प्रयोग झाला. नंतर टिमी जीन लिंडसे ही सहा मुलांची आई. ती बिचारी धर्मादाय इस्पितळात आली होती छातीवरचे गोंदण काढून घ्यायला. डॉक्टरांनीच विचारले, नवीन स्तन हवेत का? तिला खरे पाहता हवे होते ते कान नीट करून! बोलणे असे ठरले की कानही करून देऊ. जगातली पहिली अशी बाई, आणि मागणे कानांचे. हे वाचून मी व भाची दोघी पोट धरून हसलो. आमचा अबोला सुटला तो त्या हसण्याने. पन्नास वर्षांनी, २०१२ साली, लोक तिला भेटायला गेले तेव्हाही त्याच पिशव्या तिच्या अंगात होत्या.

पण सर्वांच्या नशिबी तसे नव्हते. परकी वस्तू आत आली की शरीर तिच्याभोवती पातळ पडदा विणते, आणि तो काहींच्या अंगात आवळत जाऊन स्तन चेंडूसारखा घट्ट करतो. मागल्या काळातील शस्त्रक्रिया 'ओळखू येते' ती बहुधा यामुळे. दुसरे कारण जागेचे. पिशवी स्तनाखाली पण स्नायूच्या वर बसवीत. अंगावर थोडे मांस असलेल्या बाईला ते चालून जाई. बारीक बाईच्या पातळ कातडीखालून पिशवीची कड दिसे, सुरकुती उमटे. मलमलच्या झिरझिरीत ब्लाऊजला आतून जाड शिवण टाकली तर ती वरून दिसणारच. १९६८ साली डेम्प्सी व लॅथम यांनी छातीच्या मोठ्या स्नायूखाली पिशवी ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि २००१ साली डॅलसच्या टेबेट्स यांनी वरचा भाग स्नायूखाली व खालचा स्तनाखाली अशी मधली वाट मांडली. ह्या स्नायूचे पांघरूण सडपातळ बाईच्या कामी येते. त्याचीही किंमत असते. दंडाला जोर दिला की स्तन हलतो, वर सरकतो. विहिरीचे पाणी ओढणाऱ्या आमच्या पिढीला हे परवडले नसते.

१९७० नंतर कंपन्यांनी पिशवीचे आवरण पातळ केले, हाताला खरे वाटावे म्हणून. ती फुटू लागली, पाझरू लागली. खटले झाले. १९९२ साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने सौंदर्यासाठी सिलिकोन-रसाच्या पिशव्या बंद केल्या. १९९९ च्या मोठ्या अहवालात त्यांच्यामुळे साऱ्या शरीराचे आजार होतात याचा पुरावा आढळला नाही, पण घट्ट होणे, फुटणे व पुन्हा शस्त्रक्रिया लागणे हे नेहमीचे, असे नमूद झाले. २००६ साली त्या पुन्हा आल्या, बावीस वर्षांवरील स्त्रियांसाठी. फ्रान्समध्ये तर पीआयपी नावाच्या कंपनीने कारखान्यातले हलके सिलिकोन भरून जगभर विकले. २०१० साली ते उघडकीस आले व २०१३ मध्ये तिच्या संस्थापकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. भेसळ काय फक्त तेलातच होते?

आता भाचीच्या चार चित्रांकडे येते. तिने निवडले होते ते थेंबाच्या आकाराचे: वर निमुळते, खाली भरीव. कागदावर नैसर्गिक तेच दिसते. पण थेंब आत फिरला तर स्तन वाकडा दिसणार, म्हणून त्याचे आवरण खरखरीत करतात, अंगाला धरून राहावे यासाठी. आणि अशाच खरखरीत पिशव्यांभोवतीच्या पडद्यात लसिका-पेशींचा एक कर्करोग, दुर्मिळ पण खरा, आढळू लागला. २०१९ साली अ‍ॅलर्गन कंपनीला आपल्या तशा पिशव्या जगभरातून परत घ्याव्या लागल्या. उलट २०१७ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया चालू असताना एका बाजूस गोल व दुसऱ्या बाजूस थेंबाची पिशवी ठेवून चित्रे घेतली, तेव्हा दिसण्यात सरस-निरस ठरविता आले नाही. उभे राहिल्यावर गोल पिशवीतला रसही थोडा खाली उतरतो. एवढी रक्कम मोजून घेतलेला थेंब डोळ्याला ओळखू येत नसेल तर त्यासाठी जोखीम का घ्यावी?

भाची आधी एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात जाऊन आली होती. तेथे तिला खुर्चीवर बसवून पडद्यावर आकडे दाखविले, टेप कोणी लावला नाही. दुसऱ्या खेपेस मी देवगिरी एक्स्प्रेसने तिच्याबरोबर मुंबईला गेले. या डॉक्टरीणबाईंनी प्रथम माप घेतले, आणि माझा जीव भांड्यात पडला. स्तनाची रुंदी ११ सेंटिमीटर. मग वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून मोजली: सव्वा सेंटिमीटर. "दोन सेंटिमीटरच्या आत असली की मी पिशवी स्नायूखालीच ठेवते," त्या म्हणाल्या. भाचीने ३५० सी.सी.चा आकडा काढताच त्यांनी मान हलविली. तेवढी पिशवी तिच्या रुंदीबाहेर जाईल, काखेकडून कड लागेल, वजनाने पातळ कातडी ताणून खाली ओढेल. दोनशेच्या आसपास, गोल, गुळगुळीत, रुंदीत बसेल तेवढीच.

मी आजन्म हेच सांगत आले होते. कटोरी बाईच्या अंगावरून काढायची असते, पुस्तकातल्या चित्रावरून नव्हे.

मी विचारले, "पुढे लेकराला पाजता येईल ना?" त्या म्हणाल्या, बहुतेकींना येते, पण हमी कोणी देऊ नये, चीर स्तनाखालच्या घडीत घेतली तर दुधाच्या नळ्यांना धक्का कमी. "आणि टिकते किती?" तर ही जन्मभराची वस्तू नव्हे. अमेरिकेत २०२१ पासून तसा इशारा चौकटीत छापूनच द्यावा लागतो. पाच-सहा वर्षांनी, व पुढे दर दोन-तीन वर्षांनी, सोनोग्राफी वा एमआरआय करून पिशवी शाबूत आहे की नाही ते पाहावे, आणि पिशवीचा नंबर-शिक्का असलेले कार्ड जपून ठेवावे. भाचीने ते सर्व वहीत लिहून घेतले. परतीच्या गाडीत मनमाडपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

ती "नको" म्हणेल अशी माझी आशा होती. चार महिने तिने विचार केला आणि करून घेतले. मला आवडले असे मी म्हणणार नाही. त्या पाहुण्या बाईचे वाक्य मात्र त्या चार महिन्यांत तिच्या तोंडून एकदाही आले नाही. "मला स्वतःला हवे आहे," एवढेच ती म्हणे. पहिले दोन आठवडे हात वर करवत नव्हता, तेव्हा तिचे केस मी विंचरले.

दिवाळीला ती ब्लाऊज शिवायला आली. खांदे मागे, उभी सरळ. टेप लावला, तर छातीच्या मापात दीड इंचाचा फरक. शेजारणींपैकी कोणाच्या लक्षातही आले नाही. तब्येत सुधारली, एवढेच म्हणाल्या. मी नवी कटोरी कागदावर काढली, टाचण दिली आणि वर तारीख घातली. जुना कागदही त्याच पाकिटात ठेवला आहे. पिशव्या कधी काढाव्या लागल्या तर तो लागेल.