नाणेघाटातून दिसणारा लाल समुद्र

मी आशियाई देशांच्या परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करतो. होर्मुझ, मलाक्का, लाल समुद्र ही नावं माझ्या तोंडी सारखी असतात. मग शहापूर-मुरबाडकडची पोरं विचारतात, "दादा, याचा आपल्याशी काय संबंध?" आजचा एपिसोड याच प्रश्नावर.

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्यानं वैशाखरे गाठा. तिथून नाणेघाटाची चढण लागते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याण बंदरांतला माल याच वाटेनं जुन्नरला, पुढे पैठणला जायचा. वर गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण नाणी, सगळं आकड्यांत कोरलंय. बाहेर दगडी रांजण आहे. तो जकातीचा, असं लोक सांगतात. एवढी श्रीमंती नुसत्या डोंगरातून आली नाही. ती समुद्रावरून घाट चढून आली.

आता खरी गंमत ऐका. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाचं पुस्तक लिहिलं. तो सांगतो, की कल्याण आधी रीतसर व्यापाराचं बंदर होतं. सत्ता बदलली आणि तिथं अडथळे सुरू झाले. कुठलं ग्रीक जहाज तिकडे आलंच, तर पहारा बसवून भडोचला नेत. भडोचकडे तेव्हा क्षत्रप नहपानाचं राज्य होतं. म्हणजे बंदर जागेवर, घाट जागेवर, पण माल दुसऱ्याच्या दारात!

हे भांडण किती मोठं होतं? १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथं नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या हजारो नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा छाप मारलाय. शत्रूच्याच नाण्यावर आपलं नाव!

ती ग्रीक जहाजं इजिप्तहून लाल समुद्रातूनच यायची. त्याच समुद्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथींनी 'गॅलेक्सी लीडर' जहाज पकडलं आणि होदेदा बंदराकडे नेलं. ते निघालं होतं गुजरातच्या पिपावावला. पुढे हल्ले वाढले, तशी कित्येक जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास लांबला, भाडं वाढलं, विमा महागला. युरोपला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांनाही हा फटका बसला. आणि नाशिकचे कंटेनर न्हावाशेवाला जातात कुठून? कसारा घाट उतरून, आपल्या शहापूरवरूनच.

म्हणून मी पोरांना सांगतो, परराष्ट्र धोरण फक्त दिल्लीत शिकायची गोष्ट नाही. दोन्ही तालुके घाटाच्या पायथ्याशी आहेत. समुद्रात कुणी वाट अडवली, की त्याचा हिशोब इथल्या रस्त्यावरही होतो. हा हिशोब मांडणारी माणसं इथूनच तयार व्हायला हवीत.

पुढच्या भागात थळघाट आणि १८६५ ची रेल्वे. तोवर नाणेघाटात गेलात तर तो लेख नीट बघा, आणि त्याच्यावर आपलं नाव मात्र कोरू नका! भेटूया.