तळटीप : ढिगाऱ्यावरच्या मातीची विकरे
‘विकरांची चाचणी’ असा लेखकाने केलेला उल्लेख फारच ओझरता आहे. चंद्रपूरभोवतीच्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) उघड्या खाणींत कोळशावरचा थर उपसून त्याचे डोंगर रचले जातात. त्यांवर झाडे जगली म्हणजे माती सुधारली, असे नव्हे. सुबाभूळ काय, कुठेही वाढते. म्हणून मातीतली विकरे, म्हणजे एन्झाइम, मोजतात. त्यांतले डिहायड्रोजिनेज जिवंत पेशीतच काम करते. टीटीसी हे रंगहीन रसायन मातीत कालवून ती साधारण २४ तास उबेत ठेवली, की सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून त्याचे लाल फॉर्मझान बनते. ते धुऊन काढून लाली मोजतात; रंग गडद, तर जिवाणू कामाला लागलेले. युरिएज आणि फॉस्फटेज ही विकरे मात्र पेशी मेल्यावरही चिकणमातीला धरून राहतात, तेव्हा एकट्या त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीवर सेंद्रिय खते व उपयुक्त जिवाणू घालून झाडे वाढवली. पण असे खत ताजे असताना विकरांचे आकडे फुगतातच. एका पावसाळ्याच्या मोजणीवर माती ‘बरी’ ठरवणे हा निव्वळ उतावीळपणा. तुलनाही नापीक ढिगाऱ्याशी नको. त्याच हंगामातल्या, शेजारच्या सागाच्या जंगलातल्या मातीशी हवी. — संपादक