केबिनमधला निळा उजेड

मराठवाड्यातल्या मुसलमानांचा इतिहास म्हटला की निजाम, रझाकार आणि पोलीस ॲक्शन या तीन शब्दांवर चर्चा सुरू होते आणि तिथंच संपते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ही माणसं काय करून जगली, हे फारसं कुणी विचारत नाही. त्या न लिहिलेल्या इतिहासाचा एक तुकडा मला नांदेडच्या देगलूर नाक्याकडं दिसतो, पिकअपच्या डॅशबोर्डखाली उताणं झोपून वायर ओढणाऱ्या मिस्त्रीच्या हातात.

रात्री नांदेड-लातूर रस्त्यावर समोरून येणारी बोलेरो पिकअप बघा. केबिन निळी-जांभळी उजळलेली असते. मागं सोयाबीनची पोती, नाहीतर लग्नाच्या मंडपाचं सामान. ड्रायव्हर दिवसाचे बारा-चौदा तास त्या केबिनमध्ये काढतो, म्हणून तिला घरासारखं सजवतो. शहरातली माणसं याला हसतात. जपानमध्ये अशाच सजवलेल्या ट्रकांना ‘डेकोतोरा’ म्हणतात, त्यांच्यावर १९७५ पासून सिनेमे निघाले. पाकिस्तानी ट्रकांची चित्रं परदेशातल्या संग्रहालयांत गेली. आपल्याकडं मात्र ती ‘चमकोगिरी’.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. पिकअपची बॅटरी बारा व्होल्टची, मोठ्या ट्रकची वायरिंग चोवीसची. एकीची पट्टी दुसरीत लावली की संपलं. बाजारातल्या एलईडी पट्टीत तीन-तीन दिव्यांचे गट असतात आणि कात्री त्या खुणेवरच चालवायची. इंजिन सुरू झालं की बारा व्होल्टचे चौदाच्या वर जातात, तेव्हा स्वस्तातली पट्टी तापते आणि हळूहळू एकेक गट विझत जातो. पाच मीटरची साधी पट्टी दोन अँपियर खाते, जाड दिव्यांची सहा. म्हणून चांगला उस्ताद आधी फ्यूज लावतो, तोही बॅटरीजवळ. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथं रबराची चकती बसवतो. गाडीचा पत्रा म्हणजेच अर्थिंग. धक्के खात वायर सोलली गेली आणि मधे फ्यूज नसला, तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. आणखी एक गोष्ट मला एका मिस्त्रीनं सांगितली. पट्टी डॅशबोर्डच्या खाली, पायांकडं तोंड करून लावायची. वर लावली तर काचेत उजेड पडतो आणि रस्ता दिसत नाही. गिऱ्हाईक हट्ट करतं, तरी तो वर लावून देत नाही.

ही विद्या या हातांत आली कुठून? निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली २७ बसगाड्यांवर रस्ता वाहतूक सुरू केली. मोटार ही तेव्हाची नवी दुनिया होती. पण सुशिक्षित मुसलमान घरांची नजर कचेरीकडं असे. राज्याचा कारभार उर्दूत आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातलं शिक्षणही उर्दूत. मग १९४८ आलं. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीनं सावध अंदाज दिला तो २७ ते ४० हजार मृत्यूंचा. सर्वाधिक झळ पोचलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. कासिम रझवीचं हे गाव. इथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार समितीला गावात आढळले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे पळून गेले होते. अहवाल कित्येक दशकं बंद राहिला.

उर्दू कचेरीतून गेली, तिच्या जोरावर मिळणारी नोकरीही गेली. जुन्या मिस्त्र्यांजवळ बसलं की थोड्याफार फरकानं एकच साखळी ऐकू येते: दादा मुन्शी, अब्बा क्लीनर, आपण वायरमन. गॅरेजला सनद लागत नव्हती, भांडवल लागत नव्हतं. एक उस्ताद, एक पक्कड आणि दोन वायरांना जोडलेला टेस्टिंगचा बल्ब पुरे. २००६ च्या सच्चर अहवालानं मुसलमानांत स्वयंरोजगाराचं प्रमाण जास्त असल्याचं दाखवलं, तेव्हा कौतुकही झालं. ‘हुनरमंद कौम’ हे शब्द मला तरी तेव्हापासून खटकतात. ज्याच्यासाठी दुसरा दरवाजा उघडा नव्हता त्याच्या हुनराचं कौतुक करताना जरा जपून बोलावं.

आधी केबिनमध्ये पिवळा बल्ब असे, त्यावर लाल-हिरवा जिलेटिन कागद. लाल एलईडी १९६२ मध्येच निघाला होता, पण झगझगीत निळा १९९० च्या दशकात जपानमध्ये साधला आणि त्यातूनच पांढरा निघाला. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. देगलूर नाक्यावर निळ्याची इतकी चलती का, याचं निम्मं उत्तर इथं आहे. तो रंग आधी दिव्यात मिळतच नव्हता.

एकाच मिस्त्रीकडं सकाळी ७८६ ची पाटी उजळते, दुपारी माळेगावच्या खंडोबाचा फोटो, संध्याकाळी हजूर साहिबला आलेल्या पंजाबी ट्रकवाल्याचा खंडा. यावर कुणी भाषण देत नाही. मजुरी ठरते, चहा येतो, वायर ओढली जाते.

आता नव्या गाड्यांत दिव्यांवर कॉम्प्युटरची नजर असते. छतावरच्या दिव्याची वायर फोडून करंट घेतला की डॅशबोर्डवर इशारा पेटतो आणि शोरूमवाले वॉरंटी नाकारू शकतात. महागड्या गाड्यांत हाच रंगीत उजेड कारखान्यातूनच बसून येतो, ‘ॲम्बियंट लाइट’ या नावानं. त्याला चमकोगिरी म्हणत नाहीत. मिस्त्रीचा मुलगा आयटीआयला जातो. बापाकडं वायरिंगचा नकाशा कधीच नव्हता, सगळा डोक्यात. मुलगा आता तो मोबाइलवर शोधतो आणि रात्री बापाला दाखवतो, कुठली वायर फोडायची नाही ते.