यंत्र सुरू होण्याआधीची किल्ली कोणाकडे?

आज विषय जरा वेगळा आहे. राजकारण नाही, पण सत्तेचा प्रश्न आहेच. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

नव्वदच्या दशकात जगभरातल्या बँका, टेलिफोन कंपन्या आणि विद्यापीठांत एसीच्या खोलीत मोठमोठे युनिक्स सर्व्हर असायचे. सनचे, आयबीएमचे, एचपीचे. आज त्यातल्या सनच्या यंत्रांबद्दल सांगतो. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ साली कॅलिफोर्नियात चौघांनी काढली. त्यातले विनोद खोसला हे पुण्यात जन्मलेले. बाकीचे अँडी बेख्टोल्शाइम, स्कॉट मॅकनीली आणि बिल जॉय.

आता मूळ अडचण समजून घ्या. सर्व्हर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम असते डिस्कवर. डिस्क आणि यंत्राच्या मध्ये एक कार्ड असतं, त्याला स्टोरेज अ‍ॅडॉप्टर म्हणतात. ते कार्ड चालवायला ड्रायव्हर लागतो. आणि ड्रायव्हर कुठे? डिस्कवर! म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घेतल्यासारखं झालं.

पीसीवाल्यांनी यावर सोपा उपाय केला. कार्डावरच एक छोटी रॉम चिप बसवायची आणि तिच्यात कार्ड जागं करणारा प्रोग्रॅम भरायचा. ज्यांनी जुनी अ‍ॅडॅप्टेकची कार्डं वापरली आहेत त्यांना आठवत असेल, यंत्र सुरू होताना कंट्रोल आणि ए दाबलं की सेटिंगचा पडदा यायचा. तो हाच प्रोग्रॅम. पण तो इंटेलच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला. दुसऱ्या प्रोसेसरला ती भाषा परकी.

सनची पंचाईत इथेच होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांची काही यंत्रं मोटोरोलाच्या प्रोसेसरवर, काही स्वतःच्या स्पार्कवर आणि एक तर चक्क इंटेलवर चालत होतं. प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळं कार्ड कोण बनवणार? आणि बाहेरच्या छोट्या कंपनीला ते परवडणार कसं?

उत्तर काढलं सनमधल्या मिच ब्रॅडली या इंजिनिअरने. त्याने फोर्थ ही भाषा निवडली. चार्ल्स मूर यांनी ती साठच्या दशकाच्या शेवटी घडवली आणि पुढे अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेतली रेडिओ दुर्बीण चालवायला वापरली. नावाचीही गंमत आहे. मूळ शब्द 'फोर्थ', म्हणजे चौथी, इंग्रजीत सहा अक्षरी. पण त्यांच्या आयबीएम ११३० यंत्रावर फाइलचं नाव पाच अक्षरांपेक्षा मोठं चालत नव्हतं, म्हणून एक अक्षर गळालं ते कायमचं. भाषा इतकी आटोपशीर की थोड्याशा मेमरीत मावते. आणि दिलेलं काम झालं की ती पडद्यावर 'ओके' असं उत्तर देते.

ब्रॅडलीची योजना अशी. कार्डाने आपला प्रोग्रॅम कुठल्याही एका प्रोसेसरच्या भाषेत ठेवायचा नाही. एफकोड नावाच्या मधल्या, सामायिक भाषेत ठेवायचा. यंत्र सुरू झालं की ते प्रत्येक कार्डाकडून हा एफकोड वाचतं. मी कोण, माझा बनवणारा कोण, मला डिस्क वाचता येते का, कशी वाचायची, हे सगळं कार्ड स्वतःच सांगतं. यंत्र त्या माहितीचा एक वृक्ष तयार करतं, त्याला 'डिव्हाइस ट्री' म्हणतात. १९८९ च्या स्पार्कस्टेशन १ या यंत्रापासून ही पद्धत लोकांसमोर आली. तिचं नाव ओपनबूट.

मग सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचं काम कसं चालायचं? कीबोर्डवर स्टॉप आणि ए ही दोन बटणं एकत्र दाबली की ऑपरेटिंग सिस्टीम थांबायची आणि पडद्यावर नुसतं 'ओके' दिसायचं. तिथे 'प्रोब-स्कझी-ऑल' टाइप केलं की कुठल्या कार्डामागे कुठल्या डिस्क आहेत त्याची यादी मिळायची. मात्र चालू सिस्टीम मध्येच थांबवून ही आज्ञा दिली तर यंत्र गोठण्याची भीती. म्हणून जाणकार माणूस आधी आपोआप सुरू होण्याची सोय बंद करायचा, यंत्र रीसेट करायचा आणि मगच विचारपूस करायचा. नवीन डिस्कच्या लांबलचक पत्त्याला सोपं नाव द्यायचं, 'बूट-डिव्हाइस' मध्ये ते नोंदवायचं, आणि शेवटी 'बूट' पुढे 'डॅश आर' लावायचं, म्हणजे सोलारिसला कळायचं की घरात नवीन पाहुणा आलाय.

यातला एक प्रसंग तर शिकण्यासारखा आहे. जुन्या स्कझीच्या एका तारेवर ० ते ७ असे आठच क्रमांक असतात. कार्ड स्वतः ७ घेतं, कारण त्या क्रमांकाला सगळ्यात वरचा मान. आता समजा एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने काम उचलावं म्हणून दोन सर्व्हर एकाच डिस्कच्या पेटीला जोडले. दोघांचीही कार्डं म्हणणार, मी ७! एकाच घराला दोन मालक. भांडण होणारच आणि त्यात डेटा जाणार. म्हणून तार जोडण्याआधीच 'ओके'वर जाऊन एका सर्व्हरचा क्रमांक ६ करायचा.

पण तेवढ्यावर भागत नसे. कारण सनच्या बऱ्याच यंत्रांत आतल्या सीडी-रॉमचा क्रमांक ६ च असायचा. बाहेरचं भांडण मिटवताना घरातलं पेटायचं. मग काय, फोर्थच्या चार-पाच ओळी लिहून आतल्या कार्डाला परत ७ करायचं आणि त्या ओळी यंत्राच्या कायम स्मृतीत ठेवायच्या, म्हणजे दर वेळी सुरू होताना आपोआप चालतील. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हे सगळं छापलेलं होतं. मॅन्युअल वाचणाऱ्या कुणालाही करता येत होतं. हा शब्द लक्षात ठेवा, 'कुणालाही'.

अर्थात सगळं गोडगोड नव्हतं. ही स्मृती एका चिपमध्ये असायची आणि तिची बॅटरी त्याच चिपच्या आत बंद केलेली. साधारण दहा वर्षांनी बॅटरी संपली की यंत्र आपला होस्ट आयडी, म्हणजे आपली ओळखच विसरायचं. कित्येक महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना त्याच ओळखीला बांधलेला. चांगलं यंत्र एका बॅटरीपायी अडायचं. पण इथेही 'ओके' कामाला आलं. नवी चिप बसवून तिथूनच हाताने आकडे भरता येत होते. त्याची रीत लोकांनी लिहून ठेवली, एकमेकांना सांगितली.

आणि कुलूप? ते होतं. 'सिक्युरिटी-मोड' नावाची सोय होती. पासवर्ड लावला की त्याशिवाय 'ओके'वर काही करता येत नसे. पण पासवर्ड ठरवायचा यंत्राच्या मालकाने.

माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट पुढे घडली. सनने ही पद्धत तिजोरीत ठेवली नाही. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने १९९४ साली ती १२७५ क्रमांकाचं मानक म्हणून प्रसिद्ध केली, नाव ओपन फर्मवेअर. अ‍ॅपलने आपल्या पॉवर मॅकमध्ये ती घेतली, आयबीएमने घेतली. प्रतिस्पर्धी कंपन्या एका रीतीवर आल्या.

मग हरली कशी? बाजार इंटेलकडे गेला. स्वस्त पीसी सर्व्हर आले. कार्ड बनवणाऱ्यांना एफकोडसाठी वेगळी मेहनत नकोशी झाली. एकच कार्ड, पण पीसीसाठी वेगळा प्रोग्रॅम आणि सन-मॅकसाठी वेगळा, असा प्रकार सुरू झाला. कोणी मानकाची मुदत वाढवून घेतली नाही, ते मागे पडलं. २०१० साली ओरॅकलने सनच विकत घेतली.

पण बी मेलं नाही. 'डिव्हाइस ट्री'ची कल्पना लिनक्सने उचलली आणि आज तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये ती आहे. आपल्या रायगड जिल्ह्यातही हा धागा येऊन गेला. २००७ साली कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत पोरांना 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. त्या एक्सओ लॅपटॉपला जागं करणारा प्रोग्रॅम म्हणजे ओपन फर्मवेअर, आणि तो सांभाळणारा माणूस तोच, मिच ब्रॅडली. चोरी होऊ नये म्हणून एक्सओला कुलूप लावण्याची सोय होती, पण वापरणाऱ्याने मागितली तर किल्ली देण्याचीही सोय होती.

आता आजचं बघा. नवीन संगणकात यूईएफआय आणि सिक्युअर बूट असतं. सुरू होण्याआधी कार्डावरचा प्रोग्रॅम चालायचा असेल तर त्यावर मान्य सही लागते. बहुतेक यंत्रांत ती सही मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्राने होते. त्यांच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत २०२६ मध्ये संपते, म्हणून जगभरच्या संगणकांना नवी प्रमाणपत्रं घ्यावी लागत आहेत. सुरक्षा हवीच, बँकेचा सर्व्हर कुणीही येऊन उघडावा असं कोण म्हणेल? चोर आत शिरू नये म्हणून कुलूप ठीक. पण कुलूप आपल्या दाराचं असेल तर एक किल्ली आपल्याकडे नको का?

नगरपालिका, जिल्हा बँक, सरकारी दवाखाना यांची यंत्रं आपल्या पैशाने येतात. निविदेत रॅम किती, डिस्क किती हे लिहितात. सुरू होण्याआधीचा पासवर्ड संस्थेच्या हाती राहणार का, दुसऱ्या कंपनीचं कार्ड चालणार का, कंपनी बंद पडली तर किल्ली कोणाकडे, हेही त्यात असायला हवं. तुमच्या गावच्या निविदेत आहे का? माहितीचा अधिकार आहे, विचारून बघा.