सांधा, सूत्र आणि स्थळ : जालना औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात अॅनिमेशनच्या विकेंद्रीकरणाचा विचार

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. उद्योगधंदे मुंबई-पुण्याच्या पट्ट्याबाहेर न्यावेत, हा तिच्यामागील एक प्रमुख हेतू होता. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळ्यांच्या रोलिंग मिल उभ्या राहिल्या. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या ‘महिको’मुळे बियाणे उद्योगातही या शहराचे नाव झाले. चित्र हलविण्याचा धंदा मात्र या प्रवासात सहभागी झाला नाही. त्याचे कारण कलावंतांच्या किंवा भांडवलाच्या अभावात शोधण्याची प्रथा आहे. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, ते कारण प्रामुख्याने निर्मितीपद्धतीत होते.

चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींस पुरविले, तरी एका पात्राच्या एका मिनिटाच्या अखंड हालचालीस ७२० चित्रे लागतात. प्रत्येक चित्र रेखाटावयाचे, पारदर्शक पत्र्यावर उतरवावयाचे, रंगवावयाचे आणि कॅमेऱ्याखाली ठेवावयाचे. हे काम एकट्या-दुकट्याचे नव्हे. त्यास पगारी हातांची फौज हवी. म्हणूनच ‘जंबूकाका’ (१९३४) पुण्यात, प्रभात कंपनीच्या आश्रयाने तयार झाला. फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ मध्ये मुंबईत सुरू झाला, तोही डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली. संस्था मोठी, म्हणून शहरही मोठे.

या नियमास एक लक्षणीय अपवाद आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. आगकाडी रेखाटावी लागत नाही. ती तीच राहते, फक्त तिची जागा बदलते. हालचालीसाठी नवे चित्र नको, जुनीच वस्तू सरकविली तरी पुरे, हे तत्त्व त्यात होते. मात्र आगकाडीस चेहरा नाही, त्यामुळे तिच्याकरवी कथा सांगण्यास मर्यादा पडतात.

आज ज्यास रिगिंग म्हणतात, त्यात चेहरा आणि काटकसर यांची सांगड घातली जाते. पात्राचे डोके, धड, दंड, मनगट, पापण्या, ओठ हे सुटे काढून सांध्यांवर जोडतात व आत एक अदृश्य सांगाडा बसवितात. खांदा फिरविला की कोपर व पंजा त्यामागून येतात. चित्रकार फक्त आरंभीची व अखेरची स्थिती ठरवितो. मधल्या स्थिती संगणक भरतो. कुडाळ तालुक्यातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची कळसूत्री बाहुली येथे कोणासही आठवेल. लाकडी बाहुली एकदाच कोरावयाची आणि पुढे आयुष्यभर सूत्रांनी खेळवावयाची. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये याच परंपरेसाठी पद्मश्री जाहीर झाली. तथापि, साम्य म्हणजे वारसा नव्हे. नव्या चित्रकारांपुढील साधने संगणक-उद्योगातून आलेली आहेत. ठाकरांच्या कलेचे नाव घेऊन त्यांस देशी वंशावळ चिकटविणे इतिहासास धरून होणार नाही.

सांगाडा बसविण्याची सोय फ्लॅशमध्ये २००८ पासून होती. तिचे स्वरूप पालटले ते मोबाइलच्या उभ्या पडद्यामुळे. जून २०२० मध्ये टिकटॉकवर भारतात बंदी आली. त्याच वर्षी इन्स्टाग्रामचे रील्स आणि यूट्यूबचे शॉर्ट्स भारतात सुरू झाले. १६ उंचीस ९ रुंदी या चौकटीत दोन पात्रे जेमतेम मावतात. धावपळीस वाव नाही. सांध्यांची बाहुली पाठ वळवू लागली की तिचे सपाटपण उघडे पडते; उभ्या चौकटीत तो प्रसंग क्वचितच येतो. उरतात डोळे, हात आणि मुख्यतः ओठ. ओठांच्या बाबतीत मराठी चित्रकारास एक आयता लाभ आहे. प, फ, ब, भ, म यांस मिटलेल्या ओठांचे एकच चित्र चालते. आपली वर्णमाला उच्चारस्थानानुसार लावलेली असल्याने मुखाकृतींचे अर्धे कोष्टक शाळेतच पाठ झालेले असते!

म्हणजे आता जालन्याच्या वसाहतीलगतच्या एखाद्या खोलीतही एक संगणक, एक आवाज आणि डझनभर सुट्या अवयवांवर काम भागू शकते. मुंबईस जाण्याचे तांत्रिक कारण उरलेले नाही. आर्थिक कारण मात्र उरले आहे, आणि ते किरकोळ नाही : कारखान्याचा माल गेटबाहेर पडताना त्याचे बिल होते, या चित्रफितीचे मोल कंपनीच्या दूरस्थ गणितावर ठरते. निर्मिती विकेंद्रित झाली, वितरण अधिकच केंद्रित झाले.

इतिहासकारापुढील अडचण याच केंद्रीकरणातून उद्भवते. चित्रकथींच्या पोथ्या पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात. फ्लॅश प्लेयर मात्र ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद पडला आणि त्यावर चालणाऱ्या फायली नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या; टिकटॉकच्या बंदीने असंख्य चित्रफिती भारतीय प्रेक्षकांच्या दृष्टीआड गेल्या. तयार फितीबरोबरच सुट्या अवयवांची मूळ फाईल, आवाजाचे मुद्रण आणि संहिता यांची प्रत निर्मात्याच्या संमतीने आजच जमा करून घेणे जिल्ह्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांना फारसे खर्चिक पडणार नाही. मराठी व इतिहास विभागांनी ते काम वाटून घ्यावे : जालन्याच्या बोलीचा पुरावा एका विभागास हवा आहे, श्रमाचा दुसऱ्यास.