काथ्याने शिवलेली नाव

मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, उघड्या किनाऱ्यावर पूर्वी बंदर नव्हते. जहाजे दूर नांगरून पडत. माणसे व माल फेसाळ लाटांतून काठावर आणी ती मसुला नाव. तिला छत नव्हते, खिडकी नव्हती, खिळाही नव्हता. तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. खिळ्यांनी जखडलेली होडी वाळूवर आदळली की फुटे. मसुला लवून आघात सोशी. १८६१ साली लोखंडी धक्का उभा राहिला. पुढे बंदर बांधले जात असताना १८८१ च्या चक्रीवादळाने त्याचे तट मोडले. त्यानंतरही काही काळ मद्रासचे मसुलांवाचून भागले नाही. त्या फळ्या शिवणाऱ्या कारागिरांची नावे मात्र इतिहासाने नोंदली नाहीत.