सोडून दिलेल्या सुईचा इतिहास

#धागा #वैद्यकाचा_इतिहास

१/ मराठवाड्यात सुईवर लोकांची श्रद्धा आहे. साधा ताप असला तरी ‘डॉक्टर, सुई मारा’ हा आग्रह ठरलेला; नुसत्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरचा गुण येत नाही, असे आमच्या घाटनांदूरकडेही मानतात. तरीही एक सुई अशी आहे की ती गुणकारी असूनही ती घेणाऱ्यांपैकी असंख्य पुरुषांनी मध्येच सोडून दिली. लिंगाला ताठरता न येण्याच्या विकारावरील इंजेक्शनविषयी हा धागा आहे. विषय संकोचाचा आहे; पण संकोच हाच या इतिहासाचा गाभा आहे.

२/ आरंभ अफूपासून होतो. १८४८ साली जर्मनीत गेओर्ग मर्क याने अफूतून ‘पॅपाव्हरिन’ हे द्रव्य वेगळे केले. (माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला रवाना होत होती, तोच हा काळ.) रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करणारे औषध म्हणून ते पुढे वापरात आले. १९८२ साली फ्रेंच शल्यविशारद रोनाल्ड विराग यांनी प्रसिद्ध केले की हेच द्रव्य लिंगातील स्पंजासारख्या ऊतींत टोचले असता ताठरता येते. हे त्यांच्या ध्यानात आले ते एका शस्त्रक्रियेच्या वेळी, योगायोगाने.

३/ पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, अमेरिकेतील लास वेगास येथे मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली व्याख्यानास उभे राहिले. येण्यापूर्वी हॉटेलच्या खोलीत त्यांनी स्वतःलाच औषध टोचून घेतले होते. छायाचित्रे पुरेशी नाहीत असे वाटल्यावर त्यांनी भर सभेत विजार खाली केली आणि परिणाम खरा आहे याची खात्री श्रोत्यांनी करून घ्यावी म्हणून ते व्यासपीठावरून खाली उतरले. सभेत काही तज्ज्ञ सपत्नीक आले होते. पुढच्या रांगांतून किंकाळ्या उठल्या. तोवर या विकाराचे मूळ मनातच शोधण्याकडे वैद्यकाचा कल होता. त्या संध्याकाळनंतर रक्तप्रवाहाचा विचार टाळता येईना.

४/ वैद्यकाचे इतिहासकार हा प्रसंग चवीने सांगतात आणि तिथेच थांबतात. मला त्यापुढचे पाऊल महत्त्वाचे वाटते. १९८५ साली झोर्ग्निओटी आणि लफ्लर या अमेरिकी वैद्यांनी रुग्णाने घरीच सुई टोचून घेण्याची पद्धत मांडली. सुई डॉक्टरच्या हातून रुग्णाच्या हाती आली. मात्रा दवाखान्यात ठरवायची, टोचण्याची बाजू दर वेळी बदलायची, दिवसातून एकदाच घ्यायची, आठवड्यातून दोन-तीनदाच. ताठरता चार तास उतरली नाही तर तातडीने रुग्णालय गाठायचे, नाहीतर ऊतींना कायमची इजा होते.

५/ औषध लागू पडण्याचे प्रमाण चांगले होते. तरीही नंतरच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा तेच आढळले: मोठ्या संख्येने पुरुष उपचार सोडतात आणि पुष्कळदा पहिल्या काही महिन्यांतच. कारणे नोंदवली गेली ती वेदना, सुईचे भय, खर्च, पत्नीची नाराजी आणि सहजता हरवल्याची भावना. काहींची ताठरता आपोआप परतली, म्हणूनही त्यांनी सुई थांबवली. तेव्हा उपचार सोडलेला प्रत्येक जण हरलेला नव्हे.

६/ मधुमेहात हा विकार वारंवार आढळतो. इन्सुलिनची सुई रोज न चुकता घेणारा मधुमेही ही दुसरी सुई मात्र टाकून देतो. इन्सुलिन घरातल्या सर्वांसमोर घेता येते. चुकले तर बायको ओरडते, मुलगा आठवण करून देतो. या सुईची आठवण कोण देणार? क्षयरोगाचे औषध सोडले तर आरोग्यसेवक दारी येतो. इथे कोणी येत नाही आणि कोणी यावे अशी रुग्णाचीही इच्छा नसते.

७/ अशा प्रश्नांना मराठीत जाहीर उत्तरे देण्याचे धैर्य र. धों. कर्वे यांनी दाखवले. जुलै १९२७ पासून निघालेल्या ‘समाजस्वास्थ्य’मध्ये ते वाचकांच्या खाजगी शंकांना उत्तरे देत. १९३४ साली या उत्तरांवरच अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, २०० रुपये दंड झाला. खटल्याचे कारण लक्षात घ्यावे: प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळाले, एवढेच.

८/ कर्वे १९५३ मध्ये गेले. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने कामशक्ती वाढवण्याच्या जाहिरातींना बंदी घातली. तरी रेल्वेच्या खिडकीतून दिसणाऱ्या भिंतींवर ‘गुप्तरोग’, ‘मर्दानी कमजोरी’ ही अक्षरे दिमाखात राहिलीच. शास्त्रशुद्ध उत्तराला दंड बसला, चुन्याने रंगवलेल्या थापेला मात्र भिंत मिळाली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभारला, डॉ. विठ्ठल प्रभूंचे ‘निरामय कामजीवन’ घरोघर (बहुधा कपाटाच्या मागच्या रांगेत) पोहोचले. पण मुंबई इथून एका रात्रीच्या प्रवासावर.

९/ आता ही सुई घाटनांदूरच्या नकाशावर ठेवून पाहू. लातूर रोड–परळी लोहमार्गावरचे हे गाव, अंबाजोगाई तालुक्यातले. औषधांचे मिश्रण थंड ठेवावे लागते. एकत्र कुटुंबात फ्रिज एकच, आणि त्यातली बाटली कुणाची हे सून विचारणारच. २००५ च्या आसपासच्या भारनियमनात तर तो फ्रिजही तासन्‌तास बंद. चार तासांचा नियम मोडला तर मध्यरात्री अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय गाठायचे. गाडी कुणाची, सोबत कोण आणि त्याला सांगायचे काय? ‘रुग्ण नियम पाळत नाही’ असे लिहिणाऱ्या अहवालात या प्रश्नांसाठी रकाना नसतो.

१०/ मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत व्हायग्राला मान्यता मिळाली. १९७० च्या पेटंट कायद्यामुळे भारतीय कंपन्यांनी काही वर्षांतच तेच औषध स्वस्तात आणले. सुई मागे पडली. उरली ती मुख्यतः ज्यांना गोळी लागू पडत नाही किंवा हृदयविकारावरील नायट्रेटमुळे ती वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी. गंमत अशी की गोळीही पुष्कळजण सोडतात, आणि तिला तर ना सुई लागते ना फ्रिज.

पुढच्या धाग्यात: १९३४ च्या खटल्यात आंबेडकरांनी केलेला युक्तिवाद.